तीन दिवसांची जादू आणि तीन महिन्यांचा इलाज : मुरुमांबद्दल थोडं समजून घेऊ या

आठवी-नववीचा कुठलाही वर्ग घ्या, डहाणूचा असो की तलासरीचा. निम्म्याहून जास्त मुलामुलींच्या कपाळावर, गालावर किंवा हनुवटीवर काही ना काही उठलेलं दिसतंच. पुस्तकी मराठीत त्याला तारुण्यपीटिका म्हणतात, बोलताना मुरूम. आपल्या घरांत मुहासे, नाहीतर नुसतं ‘दाने आलेत’, आणि मुलांच्या तोंडी पिंपल. नाव कुठलंही घ्या, १२ ते २४ या वयात साधारण १०० पैकी ८५ जणांना कधी ना कधी याचा त्रास होतो. म्हणजे मुरूम येणं ही जगावेगळी गोष्ट नाही.

मग त्यावर एवढं लिहायचं कशाला? कारण शिक्षक म्हणून मुलांना रोज जवळून पाहताना आमच्या एक गोष्ट लक्षात येते. मुरुमांनी चेहरा जितका बिघडत नाही, तितका तो मुरुमांवर चोळलेल्या क्रीमनं बिघडतो. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली ट्यूब, शेजारच्या आपांनी दिलेली अर्धी वापरलेली ट्यूब, पार्लरमधली बिननावाची डबी, परदेशातून कुणीतरी आणलेलं ‘गोरं करणारं’ क्रीम. सुरुवातीला चेहरा चमकतो, घरात सगळे खूश होतात, आणि दोन-तीन महिन्यांनी मुलगी उन्हात मैदानावर यायला नको म्हणते.

आम्ही डॉक्टर नाही. हा लेख म्हणजे औषधाची चिठ्ठी नव्हे. पण मुरूम काय असतो, तो बरा कसा होतो आणि कुठल्या क्रीमपासून लांब राहायचं, एवढं प्रत्येक अम्मी-अब्बांना ठाऊक असायला हवं, म्हणून हे लिहितो आहोत.

मुरूम येतो कसा?

आपल्या त्वचेवर बारीक छिद्रं असतात. त्यांतून केस उगवतात. प्रत्येक केसाच्या मुळाशी तेलाची एक छोटी ग्रंथी असते. हे तेल त्वचा मऊ ठेवतं, म्हणून ते हवंच. वयात येताना मुलगा असो की मुलगी, शरीरात अँड्रोजन नावाची हार्मोन्स वाढतात आणि या ग्रंथी जास्त तेल सोडू लागतात. त्याच वेळी छिद्राच्या आतल्या त्वचेच्या मेलेल्या पेशी नीट झडून बाहेर पडत नाहीत. तेल आणि पेशी मिळून छिद्राच्या तोंडाशी बूच बसतं.

बूच बंद राहिलं तर पांढरा दाणा दिसतो. तोंड उघडं राहिलं तर काळा ठिपका दिसतो. हा काळेपणा मळाचा नसतो. त्वचेतलं रंगद्रव्य आणि हवा लागून बदललेलं तेल यांमुळे तो रंग येतो. म्हणूनच साबणानं कितीही घासलं तरी तो जात नाही.

बूच बसलं की आत एक जिवाणू वाढतो. तो तसा सगळ्यांच्याच त्वचेवर असतो, पण कोंडलेल्या तेलात त्याला आयतं घर मिळतं. शरीर त्याच्याशी झगडतं, तेव्हा लाली येते, सूज येते, पू होतो. सूज खोलवर गेली की मोठ्या, दुखऱ्या गाठी होतात आणि त्या बऱ्या झाल्यावर खड्डे राहतात.

म्हणजे एका मुरुमामागे चार गोष्टी असतात : जास्तीचं तेल, बंद झालेलं छिद्र, जिवाणू आणि सूज. हे लक्षात ठेवा, कारण इलाजही याच चार गोष्टींवर होतो. जे क्रीम फक्त सूज दाबतं आणि बाकीच्या तिघांना हातही लावत नाही, ते मुरूम बरा करत नाही. ते मुरूम झाकतं.

घरात बोलल्या जाणाऱ्या गोष्टी

‘खून खराब झालंय.’ मुरुमांचा रक्त खराब असण्याशी संबंध नाही. रक्त साफ करण्याच्या नावानं सरबतासारख्या बाटल्या पाजून छिद्रातलं बूच निघत नाही.

‘तोंड धूत नाही, म्हणून आले.’ दिवसातून दोनदा सौम्य फेसवॉशनं आणि घाम आल्यावर साध्या पाण्यानं तोंड धुणं पुरेसं आहे. दहादा साबण लावला तर त्वचा कोरडी होऊन चिडते आणि मुरूम जास्त दिसतात.

‘चिकू, आंबे खाल्ले, गरम पडलं.’ डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि आपल्याकडची मुलं तो पोटभर खातात. चिकू-आंब्याला दोष देण्याइतका पुरावा नाही. मात्र साखर आणि मैद्याचे पदार्थ, कोल्ड्रिंक, बिस्किटं, गोड सरबतं यांचं प्रमाण फार असेल तर काहींचे मुरूम वाढतात, असं संशोधनात दिसलं आहे. दुधाच्या बाबतीतही काहींना असा फरक जाणवतो. तेव्हा मुलाचं फळ बंद करू नका, कोल्ड्रिंक बंद करा.

‘निकाह झाला की जातील.’ वय वाढतं तसं पुष्कळांचे मुरूम आपोआप कमी होतात, हे खरं. पण ते वयामुळे, लग्नामुळे नव्हे. आणि तोवर वाट पाहिली तर खड्डे कायमचे राहू शकतात.

लिंबू, टूथपेस्ट, खाण्याचा सोडा हे चेहऱ्यावर लावू नका. लिंबानं त्वचा भाजते आणि त्यावर ऊन लागलं की काळे डाग पडतात. मुलतानी मातीनं थोडा वेळ तेल शोषलं जातं, पण तो इलाज नव्हे. आणि मुरूम फोडणं तर अजिबात नको. त्यानं पू आणखी आत ढकलला जातो.

आपल्या भागात मुरूम कशानं वाढतात?

समुद्रकाठची दमट हवा आपण बदलू शकत नाही. पण काही सवयी बदलता येतात.

पहिली म्हणजे डोक्याचं तेल. शाळेत जाताना चापूनचोपून लावलेलं खोबरेल घामाबरोबर कपाळावर उतरतं. कपाळावर केसांच्या कडेनं बारीक दाण्यांची ओळ असेल तर आधी तेलाकडे पाहा. तेल रात्री लावा, सकाळी केस धुवा, किंवा तेल कमी करा.

दुसरी म्हणजे स्कार्फ आणि हिजाब. हिजाबमुळे मुरूम होत नाहीत. पण घामानं भिजलेलं, घट्ट बांधलेलं सिंथेटिक कापड दिवसभर हनुवटीवर आणि जबड्यावर घासत राहिलं तर असलेले मुरूम चिडतात. सुती कापड घ्या, थोडं सैल बांधा, रोज धुतलेलं वापरा. हेल्मेटच्या पट्ट्याचं आणि मास्कचंही तसंच.

तिसरी गोष्ट मुलांसाठी. उंबरगाव किंवा तारापूरच्या कारखान्यांत, गॅरेजमध्ये, बोटीच्या इंजिनवर काम करणाऱ्या तरुणांच्या हातांवर आणि मांड्यांवर मुरुमांसारखे दाणे उठतात. मशीनचं तेल कपड्यातून झिरपून छिद्रं बंद करतं, त्याचा हा परिणाम. असे कपडे अंगावर वाळवू नका. घरी येताच आंघोळ करा आणि कामाचे कपडे वेगळे धुवा.

चौथी म्हणजे जिम. व्हे प्रोटीनच्या पावडरीनं काहींचे मुरूम वाढतात. आणि बॉडी बनवायला कुणी इंजेक्शनं किंवा गोळ्या देत असेल, तर त्यात हार्मोन असू शकतात. त्यांनी पाठ आणि छाती मुरुमांनी भरते. तो मुरुमांचा छोटा प्रश्न नाही, जिवाचा प्रश्न आहे.

मुलींच्या बाबतीत आणखी एक खूण लक्षात ठेवा. मुरुमांबरोबर पाळी अनियमित असेल, हनुवटीवर किंवा ओठांवर जाड केस येत असतील, वजन वाढत असेल, तर पीसीओएस असू शकतं. यात लाजण्यासारखं काही नाही. अम्मीनं मुलीला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्यावं. तिथे मूळ त्रासावर उपचार होतो, चेहराही सुधारतो.

तीन दिवसांची जादू

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ.

मेडिकलमध्ये जाऊन ‘पिंपलवर काहीतरी द्या’ किंवा ‘चेहरा उजळायला काहीतरी द्या’ असं म्हटलं की पुष्कळदा एक स्वस्त ट्यूब हातात येते. तिच्यात स्टिरॉइड असतं. स्टिरॉइड वाईट औषध नाही. इसबासारख्या आजारांत डॉक्टर ते मोजक्या दिवसांसाठी देतात आणि त्याचा मोठा उपयोग होतो. पण चेहऱ्यावरच्या मुरुमांवर ते घरच्या घरी लावायचं औषध नव्हे.

ते लावल्यावर त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून लाली जाते आणि चेहरा फिकट, गोरा दिसतो. सूज दबते. दोन-तीन दिवसांत फरक! घरात सगळ्यांना वाटतं, काय भारी क्रीम आहे. मग ते रोज लावलं जातं, बहिणीलाही दिलं जातं.

काही आठवडे किंवा महिने गेले की त्वचा पातळ होते. गालांवर लाल रेघांसारख्या रक्तवाहिन्या दिसू लागतात. उन्हात, चुलीपुढे, तव्यासमोर चेहऱ्याची आग होते. मुलींच्या गालांवर लव वाढते. आणि गंमत पाहा, ज्या मुरुमांसाठी क्रीम लावलं तेच एकसारख्या दाण्यांच्या रूपात दुपटीनं येतात. क्रीम बंद केलं की चेहरा भडकतो, म्हणून पुन्हा लावलं जातं. हे व्यसनासारखंच चक्र आहे. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी २००८ मध्ये या अवस्थेला वेगळं नावच दिलं, ‘टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस’, म्हणजे स्टिरॉइडच्या क्रीमनं बिघडलेला चेहरा.

हा प्रकार किती पसरला आहे? देशातल्या १२ केंद्रांवर त्वचारोगतज्ज्ञांनी चेहऱ्याच्या तक्रारी असलेल्या २,९२६ रुग्णांची पाहणी केली. ती २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतले ४३३ जण चेहऱ्याला स्टिरॉइड लावत होते. कुणी गोरं होण्यासाठी किंवा रोजचं क्रीम म्हणून, कुणी मुरुमांसाठी. दहातल्या जवळजवळ सहा जणांना ते डॉक्टरांनी दिलेलंच नव्हतं. दहातल्या नऊ जणांना त्याचा काही ना काही दुष्परिणाम झाला होता, आणि सगळ्यांत जास्त आढळलेला दुष्परिणाम म्हणजे मुरूम येणं किंवा वाढणं. जास्त जोरकस स्टिरॉइड खेड्यांत आणि शहराबाहेरच्या वस्त्यांत अधिक वापरलं जात होतं. म्हणजे आपल्यासारख्याच भागांत.

मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारनं स्टिरॉइड असलेली लावायची औषधं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. कायदा झाला. पण काउंटरवर आपणच मागितली आणि समोरच्यानं दिली, तर कायदा तिथे उभा राहून हात धरत नाही. तो हात आपल्यालाच आवरायचा आहे.

म्हणून ट्यूब उलटी करून बारीक अक्षरांतली नावं वाचा. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, बेक्लोमेथासोन, फ्लुओसिनोलोन, हायड्रोकॉर्टिसोन, ही सगळी स्टिरॉइडची नावं आहेत. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन अशी तीन औषधं एकाच ट्यूबमध्ये असतील, तर ते वांगाच्या डागांवर डॉक्टरांच्या देखरेखीत थोडे दिवस वापरायचं औषध आहे, रोजचं फेअरनेस क्रीम नाही. गजकर्णासाठी आणलेल्या ट्यूबमध्येही कित्येकदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं. ती तर चेहऱ्याच्या जवळही नेऊ नका. पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर ते चिठ्ठीनंच घ्यायचं औषध, एवढं घरातल्या मुलांनाही शिकवून ठेवा.

आणि घरात कुणी असं क्रीम महिनोन्‌महिने लावत असेल तर? घाबरू नका, त्या व्यक्तीला ओरडू नका. ट्यूब सोबत घ्या आणि डॉक्टरांना दाखवा. ती एकदम बंद करायची की हळूहळू, मधल्या काळात भडकणारा चेहरा कसा सांभाळायचा, हे तेच सांगतील. सुधारायला महिने लागतात, पण पुष्कळ सुधारतं.

बिननावाची डबी

दुसरा धोका याहून मोठा आहे. तो म्हणजे पारा.

पारा त्वचेत रंगद्रव्य बनण्याची प्रक्रिया अडवतो, म्हणून चेहरा उजळतो. पण तो त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडात साठतो. हा प्रकार आपल्याच राज्यात घडला आहे. जानेवारी २०२३ मध्ये अकोल्याच्या एका कुटुंबाची बातमी सगळीकडे आली. बायोटेक्नॉलॉजी शिकणारी तरुण मुलगी, तिची आई आणि बहीण, तिघींची मूत्रपिंडं बिघडली. तिघींच्या वापरात एकच क्रीम होतं, तिथल्याच एका ब्यूटिशियनकडून आणलेलं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली, तेव्हा क्रीममध्ये प्रचंड पारा सापडला.

केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात कोट्टक्कलच्या डॉक्टरांनाही असंच आढळलं. जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात त्यांच्याकडे मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराचे २२ रुग्ण आले. त्यांतल्या १५ जणांमध्ये या आजाराचा एक दुर्मीळ प्रकार दिसला, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरं करणारं क्रीम लावत होते.

भारतात २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे क्रीममध्ये पारा घालायला बंदी आहे. नकळत आलेला पाराही दहा लाखांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. पण बिननावाच्या डबीवर नियम छापलेले नसतात. तेव्हा सोपी कसोटी ठेवा. डबीवर बनवणाऱ्याचं नाव, पूर्ण पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि आत काय आहे त्याची यादी नसेल, तर ती चेहऱ्याला लावायची नाही. परदेशातून कुणी प्रेमानं आणलं असेल तरी नाही. यादीत मर्क्युरी, मर्क्युरस, मर्क्युरिक किंवा कॅलोमेल असे शब्द असतील तर तोच पारा. असं क्रीम वापरणाऱ्याच्या लघवीला फेस येत असेल, पाय किंवा डोळ्यांभोवती सूज असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा आणि डबी सोबत न्या.

मग खरा इलाज काय?

खरा इलाज आहे, स्वस्तही आहे. फक्त तो तीन दिवसांत होत नाही.

साध्या मुरुमांसाठी डॉक्टर सहसा दोन प्रकारची औषधं देतात. एक बेंझॉइल पेरॉक्साइड. ते जिवाणू मारतं. २.५ टक्क्यांचंही पुरतं आणि आग कमी होते. त्यानं कपड्याचा रंग उडतो, म्हणून उशीला पांढरा अभ्रा घाला आणि दुपट्टा सांभाळा. दुसरं ॲडापलीन. ते छिद्रातलं बूच सोडवतं. रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, वाटाण्याएवढं घेऊन पूर्ण चेहऱ्याला पातळ लावायचं, फक्त दाण्यावर नाही. सुरुवातीला एक दिवसाआड लावलं तर त्वचेला सवय होते. पहिले काही आठवडे थोडी आग, कोरडेपणा, सालं निघणं होतं. तेव्हाच पुष्कळ मुली घाबरून सोडून देतात आणि परत ‘त्या’ ट्यूबकडे वळतात. साधं, तेलकट नसलेलं मॉइश्चरायझर आणि दिवसा सनस्क्रीन लावलं की हा काळ निघून जातो.

लाल, पू भरलेले मुरूम जास्त असतील तर डॉक्टर काही आठवडे डॉक्सीसायक्लिनसारखी प्रतिजैविकाची गोळी देतात. ती साधारण तीन महिन्यांपेक्षा जास्त चालवत नाहीत. क्लिंडामायसिनचं जेल एकटं फार दिवस लावलं तर जिवाणू त्याला दाद देईनासे होतात, म्हणून सोबत बेंझॉइल पेरॉक्साइड देतात.

मोठ्या गाठी, खड्डे पडणारे मुरूम, काहीही करून न जाणारे मुरूम यांच्यासाठी आयसोट्रेटिनॉइनची कॅप्सूल असते. औषध परिणामकारक आहे, पण ते त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीतच घ्यायचं. रक्ताच्या तपासण्या कराव्या लागतात. आणि एक गोष्ट प्रत्येक घरात माहीत हवी : हे औषध चालू असताना आणि बंद केल्यावर एक महिन्यापर्यंत गर्भ राहता कामा नये. पोटातल्या बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. मुलीचा निकाह ठरला असेल तर तारीख डॉक्टरांना आधी सांगा. लाजेपायी लपवलं तर नुकसान दोन जिवांचं होतं. ॲडापलीन आणि डॉक्सीसायक्लिनसुद्धा गरोदरपणात टाळतात, म्हणून विवाहित बहिणींनीही डॉक्टरांना स्पष्ट सांगावं. या औषधांवर असताना चेहऱ्याला वॅक्सिंग करू नये, त्वचा सोलून निघते. लग्नाच्या आधीच्या पार्लरच्या गडबडीत हे विसरलं जातं.

फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात, पूर्ण अंदाज यायला तीन महिने. मुरूम गेल्यावर राहणारे काळे डाग आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर जास्त दिसतात, पण ते बहुतेक वेळा महिन्यांनी फिके होतात. खड्डे मात्र आपोआप भरत नाहीत. म्हणून उशीर नको.

नमाज, रोजा आणि औषध

पाच वेळच्या वुजूनं चेहऱ्याचं काही बिघडत नाही. साधं पाणी चांगलंच. दर वेळी साबण लावायची गरज नाही, आणि चेहरा खरखरीत टॉवेलनं घासण्याऐवजी हलक्या हातानं टिपा. रात्रीचं क्रीम इशाच्या नमाजनंतर लावा, म्हणजे ते फजरपर्यंत राहतं आणि वुजूच्या वेळी मनात शंका उरत नाही. रमजानमध्ये तरावीहनंतर लावा.

डॉक्सीसायक्लिनची गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्यायची असते आणि घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नसतं. नाहीतर ती अन्ननलिकेत अडकून जखम करते. सेहरीला गोळी घेऊन लगेच झोपण्याची सवय म्हणूनच घातक. इफ्तारच्या जेवणानंतर घेतलेली बरी, पण वेळ डॉक्टरांना विचारून ठरवा. आयसोट्रेटिनॉइनच्या कॅप्सूलचं आवरण सहसा जिलेटिनचं असतं आणि जिलेटिन प्राण्यांपासून बनतं. शंका असेल तर डॉक्टरांशी आणि आपल्या आलिमांशी उघड बोला. गुपचूप औषध सोडू नका.

कुठे जायचं?

डहाणूत आणि कासा इथे उपजिल्हा रुग्णालय आहे, तलासरीत ग्रामीण रुग्णालय आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. त्वचेचे डॉक्टर कुठल्या वारी असतात, ते केसपेपरच्या खिडकीवर आधी विचारून घ्या, म्हणजे खेप वाया जाणार नाही. ई-संजीवनी या सरकारी सेवेतून मोबाइलवरही डॉक्टरांशी बोलता येतं. त्रास जास्त असेल तर डहाणू रोडहून लोकल पकडून मुंबईच्या नायर, केईएम किंवा जेजे रुग्णालयातल्या त्वचारोग विभागात जाता येतं. तलासरीच्या लोकांना वापी जवळ पडते. कुठेही जा, जाताना आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब आणि डब्या पिशवीत घाला. डॉक्टरांचं अर्धं काम तिथेच होतं.

घरातली जीभ

शेवटी एक गोष्ट, जिला कुठलंही औषध लागत नाही. मुरुमांवर पालक फार बोलतात, आणि मुलींच्या बाबतीत तर रिश्त्याची भीती घालून बोलतात. ‘असा चेहरा घेऊन कोण पसंत करणार?’ हे वाक्य ऐकलेली मुलगी त्याच दिवशी तीन दिवसांवाली ट्यूब शोधायला निघते. मागणीसाठी पाठवायच्या फोटोआधी गोरं करणारं क्रीम लावायचा आग्रह तर कित्येकदा घरातूनच होतो. मुलगेही कमी झुरत नाहीत, फक्त बोलत नाहीत. मूल आरशापुढून हटत नसेल, शाळा-कॉलेज टाळत असेल, जेवण-झोप बिघडली असेल, तर ते नखरे समजू नका. टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनवर, १४४१६ या क्रमांकावर, मोफत बोलता येतं.

आज इशानंतर एवढंच करा. घरातल्या कपाटात, बाथरूमच्या फळीवर, मुलीच्या पर्समध्ये चेहऱ्याला लावायचं जे जे आहे ते एकत्र करा आणि सगळ्यांनी मिळून त्यावरची नावं वाचा. इंग्रजी वाचणारी मुलं घरात आहेतच. त्यांनाच वाचू द्या. ज्यावर नाव-पत्ताच नाही ते बाजूला काढा आणि पुन्हा लावू नका. ज्यावर स्टिरॉइडचं नाव आहे ते डॉक्टरांकडे न्या. आणि खरा इलाज सुरू झाला की कॅलेंडरवर तीन महिन्यांनंतरच्या तारखेला खूण करा. तोवर मुलाच्या चेहऱ्यावर एक शब्दही बोलायचा नाही, हे मोठ्यांनी आपसात ठरवून टाका.